मागच्या बाजूची शाई

सूड घेणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. आईकडची माणसं भांडण झालं की जेवण सोडायची, बाबांकडची बोलणं सोडायची, आणि दोन्हीकडे आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं व्हायचं. मी मात्र एकदा सूड घेतला. व्यवस्थित, वर्षभर वाट पाहून घेतला. त्या संध्याकाळी मी गाणं गुणगुणत पोळ्या लाटल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार सोवळी आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

तेव्हा मी मेलबर्नमध्ये जुने नकाशे संगणकावर बसवण्याचं काम करत होते. दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा स्कॅन करायचा, त्यातली नदी, टेकडी, देऊळ शोधायचं आणि आजच्या नकाशातल्या त्याच जागेवर नेऊन ठेवायचं. एका जुन्या खानदानी घराण्याने आपला नकाशांचा संग्रह एका संस्थेला दिला होता. त्या घराण्याचा मूळपुरुष आधी हिंदुस्थानात मोजणीखात्यात होता आणि नंतर इथे मेंढ्या पाळायला आला. येताना नकाशांच्या पेट्या घेऊन आला. संस्थेला त्यातून एक ऑनलाइन प्रदर्शन उभं करायचं होतं: एकोणिसाव्या शतकातल्या नकाशेकारांनी साम्राज्य कसं रंगवलं. मी त्या कामावर कंत्राटी होते.

आम्ही मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नच्या नव्या घरात राहायला येऊन चारच महिने झाले होते आणि तो लांबलचक लॉकडाउन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम झाला. मी पहिल्याच दिवशी घराभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि प्रिंट फ्रिजवर लावली. त्यात एक इंडियन ग्रोसरी, एक तळं, लेकीची शाळा आणि पुष्कळशी अर्धवट बांधलेली घरं आली. नवरा पुढच्या खोलीत दिवसभर हेडफोन लावून लोकांचे सर्व्हर दुरुस्त करायचा, मुलगी आपल्या खोलीत शाळा करायची आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर साम्राज्य मांडून बसायची.

आमच्या कामाचा प्रमुख, क्युरेटर, लॉकडाउन लागायच्या आदल्या दिवशीच समुद्रकाठच्या आपल्या दुसऱ्या घरी निघून गेला होता. माणूस वाईट नव्हता, असं मी एरवी म्हटलं असतं. आता म्हणत नाही. मीटिंगमध्ये त्याच्या मागच्या भिंतीवर, बरोब्बर डोक्याच्या वर, जगाचा एक मोठा जुना छापील नकाशा दिसायचा. इंग्रजांचा सगळा मुलूख गुलाबी आणि उरलेलं जग फिक्कट. ती गोल पृथ्वी कागदावर पसरायची पद्धतच अशी होती की ध्रुवांकडचे देश फुगायचे. त्यामुळे कॅनडा आहे त्याच्या कितीतरी पट दिसायचा, आणि तो गुलाबी असल्यामुळे ती पद्धत सगळ्यांना फार आवडायची. ऑस्ट्रेलिया तर त्या नकाशात दोनदा होता. एकदा उजव्या कडेला, पुन्हा एकदा डाव्या. पंगतीत एखाद्याने जिलबी दोनदा वाढून घ्यावी तसा. मधल्या वाळवंटात तोवर गोऱ्या माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, पण तेही गुलाबी रंगवून टाकलेलं. तळाच्या नक्षीत मध्यभागी सिंहासनावर एक बाई, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला कांगारू आणि कोपऱ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेला एक उघडाबंब माणूस. नकाशाखाली काढणाऱ्याचं, छापणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नाव होतं. गाठोडंवाल्याचं नव्हतं.

आमची प्रत्येक मीटिंग इथल्या मूळ रहिवाशांना वंदन करून सुरू व्हायची. क्युरेटर ते वंदन त्या नकाशाखाली बसून वाचायचा. आणि मनापासून वाचायचा, याचाच मला जास्त राग यायचा.

संग्रहात एक हाताने काढलेला तक्ता होता. दख्खनमधल्या कुठल्याशा गावाचा. कागद मांजरपाटाच्या कापडावर चिकटवलेला, ओढा निळा, टेकड्या करड्या रेघांनी दाखवलेल्या, गावाची हद्द लाल. खाली उजवीकडे साहेबाची झोकदार सही. आणि तिच्याही खाली, बारीक अक्षरात, मोडीतल्या चार ओळी. क्युरेटरला ती नक्षी वाटली होती. मी म्हटलं, ही लिपी आहे, माझ्या वडिलांना वाचता येईल. तो खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "रिअली? दॅट वुड बी अमेझिंग, मेट."

बाबा साताऱ्यात एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ते मोजणीखात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. जुनी टिपणं वाचावी लागायची म्हणून मोडी शिकले आणि पुढे दफ्तरात कुणाला अक्षर लागलं नाही की कागद बाबांच्या टेबलावर यायचा. मोजलं बाबांनी, पण नकाशाची नक्कल बाहेर पडायची ती वरिष्ठांच्या सहीने. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर आई करायची.

त्यांची कामाची एक रीत होती, ती मी लहानपणी त्यांच्याबरोबर बांधावर गेले तेव्हा पाहिली आहे. मोजणी संपली की साखळी गुंडाळायच्या आधी ते चारी दिशांना तोंड करून मोठ्याने विचारायचे, "कुणाची हरकत?" असं तीनदा. लगतच्या शेतकऱ्यांपैकी कुणी काही बोललाच, तर ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागे लिहून घ्यायचे. ही रीत त्यांना त्यांच्या गुरूने शिकवली, त्याला त्याच्या गुरूने. पुढच्या बाजूला सरकार लिहितं, मागच्या बाजूला गाव लिहितं, असं ते म्हणायचे. म्हणून मोजणीचा कागद हातात आला की आधी उलटा करायचा.

मी व्हिडिओ कॉलवर त्यांना त्या चार ओळी दाखवल्या. ते बघेनातच.

"आधी उलटा कर."

"बाबा, स्कॅन आहे हा. उलटा कसा करू?"

"मग मागच्या बाजूचा स्कॅन नाही काढला? काय माणसं आहात तुम्ही!"

काढला होता. संस्थेचा नियमच होता, दोन्ही बाजू स्कॅन करायच्या. मागची बाजू म्हणजे नुसता पिवळा पडलेला मांजरपाट, म्हणून कुणी ती फाइल उघडली नव्हती. मी उघडली आणि मोठी केली. कडेला, शिवणीच्या आत, फिकट तपकिरी शाईत सात ओळी होत्या. बाबांनी दोन्ही फाइल फोनवर मागवून घेतल्या, भिंग आणलं, वही घेतली आणि मला तासाभराने फोन करायला सांगितलं.

तासाभराने त्यांनी आधी मागची बाजू वाचून दाखवली. गावच्या पाटलाने कबुली दिली नाही. साहेब ओढा ओलांडून पलीकडे गेलेच नाहीत, पलीकडच्या गायरानाची हद्द त्यांनी टेकडीवर उभं राहून नजरेने धरली आणि गायरान गावाबाहेर दाखवलं. गायरान गावचं आहे. गावकऱ्यांना तीन दिवस उन्हात उभं केलं होतं. हरकत आहे, ती इथे लिहून ठेवली. मग त्यांनी पुढची बाजू वाचली. सरकारी हुकमावरून मोजणी झाली, साखळी ओढणारे अमुक अमुक चौघे, गावकरी हजर. बस, एवढंच.

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "लिहिणारा कारकून असणार. साहेबाला मोडी येत नव्हती म्हणून वाचला बिचारा. नाहीतर घरी बसवला असता." आणि थोड्या वेळाने, उगाच चष्मा पुसत: "हे छापतील म्हणतेस? मग माझं नाव घालतील का गं खाली? वाचन अमक्याचं, असं?"

"घालतील की बाबा. का नाही घालणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत ही बातमी गेली. तिसऱ्या दिवशी वाण्याकडे, दूधवाल्याकडे, बँकेत. ऑस्ट्रेलियात आपलं नाव येणार. मास्कमधूनही ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत असणार, बाबांना मी ओळखते.

मी क्युरेटरला त्या दिवशी फक्त पुढची बाजू पाठवली. त्याने तेवढंच मागितलं होतं, ऐंशी शब्दांची ओळख. मागची बाजू मला स्वतंत्र पान करून, बाबांच्या नावाने, नीट मांडायची होती. त्यात कसलाही डाव नव्हता. डाव नंतर झाला.

चार दिवसांनी मसुदा आला. तक्त्याखाली लिहिलं होतं की या ओळींचा शोध आणि अर्थ क्युरेटरने लावला, समाजातल्या एका स्थानिक माहितगाराच्या मदतीने. त्यापुढे त्याचा लेख होता. साम्राज्याचे नकाशे म्हणजे नुसती जबरदस्ती नव्हती, बघा, गावकरी हजर होते, साखळी ओढणाऱ्यांची नावं अभिमानाने नोंदली होती, हा दोन संस्कृतींच्या सहकार्याचा दस्तऐवज आहे. त्या चौघांची नावंसुद्धा लेखात घातलेली नव्हती. जागा नव्हती म्हणे.

मी वडिलांचं पूर्ण नाव, हुद्दा, गाव कळवलं आणि लिहिलं, हे नाव घालावं अशी विनंती आहे. मी त्या ईमेलमध्ये दोनदा प्लीज लिहिलं होतं, ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. उत्तर दहा मिनिटांत आलं. माहितगारांची नावं द्यायची नाहीत असं संस्थेचं धोरण आहे, त्यांच्या खाजगीपणाचा प्रश्न असतो. खाली एक हसरा चेहरा आणि, तुझ्या डॅडना सांग, ते कमाल आहेत.

मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, लेट इट गो ना. कंत्राटाचं रिन्युअल होऊ दे, मग बोल." मुलगी फ्रिजमधून दही काढत होती. ती म्हणाली, "जस्ट टेल हिम इट्स नॉट फेअर, आई." दोघांचंही बरोबर होतं आणि मला दोघांचाही राग आला.

त्या दुपारी मी मागच्या बाजूचं वाचन, बाबांच्या वहीच्या फोटोसकट, एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि क्युरेटरला पाठवलं नाही. लपवलं म्हणता येणार नाही. मागच्या बाजूचा स्कॅन त्याच्याही फोल्डरमध्ये होता, एका क्लिकवर. त्याला कागद उलटा करावासा वाटला नाही, यात माझा काय दोष? मी फक्त बोलले नाही. वाढू दे, म्हटलं. जितका उंच चढेल तितका जोरात पडेल.

आणि तो चढला. प्रदर्शन उघडलं, त्याच्या लेखाचं कौतुक झालं, कुठल्याशा रेडिओवर त्याची मुलाखत झाली. बाबांना मी लिंक पाठवली नव्हती, त्यांनी ती स्वतःच शोधून काढली. फोन आला.

"छान केलंय गं. रंग सुरेख आलेत. माझं नाव कुठल्या पानावर आहे?"

"ते दुसऱ्या टप्प्यात येणार आहे, बाबा."

"बरं बरं. सरकारी काम म्हटल्यावर टप्पे आलेच."

त्यानंतर ते रोज सकाळी चहा झाला की ती लिंक उघडून बघायचे. मला सांगायचे नाहीत, पण मला कळायचं. मी रोज कामाला बसले की त्या पानाच्या भेटी मोजणाऱ्या तक्त्यात सातारा दिसायचं. एक भेट. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. मी क्युरेटरला त्या एकेका भेटीसाठी मनात शिव्या घातल्या, आणि मला बऱ्याच येतात.

मग तिकडे दुसरी लाट आली आणि बाबा आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये खाट मिळाली नाही. शेजारच्या काकू दाराबाहेर डबा ठेवायच्या, बोटाला लावायचं ते यंत्र बाबा कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि मी इथून आकडे वाचायचे. इथून जायची परवानगी नव्हती आणि गेलं तर परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांना तुरुंगाची भीती घालण्यापर्यंत इथल्या सरकारची मजल गेली होती. त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये क्युरेटरने मला विचारलं, "हाऊज युअर डॅड गोइंग? द इन्फॉर्मंट?" त्याला काळजी होती, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या तोंडून तो शब्द आला आणि मी कॅमेरा बंद केला. बाबा जगोत, एवढीच प्रार्थना मी करत होते, आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी हा माणूस पडो, असंही दर वेळी म्हणत होते. देवाला दोन्ही एकदमच ऐकू गेलं असणार.

बाबा वाचले. पण सावरायला वेळ लागला. एकच गोष्ट दोनदा विचारायचे. बोलता बोलता शब्द हरवायचा, मग स्वतःवरच चिडायचे. फिरायला जाणाऱ्या मंडळींतले दोघे गेले होते. एक दिवस म्हणाले, "त्या दुसऱ्या टप्प्याचं काय झालं गं? असेपर्यंत दिसलं तर बरं." मी त्या दिवशी ठरवलं की आता वाट बघायची नाही.

त्याच हिवाळ्यात, पुन्हा एका लॉकडाउनमध्ये, संस्थेने क्युरेटरचं जाहीर ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. देशोदेशीचे दोनशेच्या वर लोक आले होते. विषय अर्थात सहकार्याचा नकाशा. स्लाइड्स मी चालवणार होते, कारण त्याला ते जमत नसे. मी मुलीचा आयपॅड घेतला आणि पाहुणी म्हणून व्याख्यानात दुसऱ्यांदा शिरले. मुलगी दारात उभी होती.

"आई, इज धिस ईव्हन लीगल?"

"तू अभ्यास कर."

तो चाळीस मिनिटं बोलला. चांगलं बोलला. आपण भूतकाळाकडे फार रागाने बघतो, असं म्हणाला. गावकरी हजर होते, हे त्याने फार प्रेमाने सांगितलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी आयपॅडवर, आधीच लिहून ठेवलेला प्रश्न टाकला: या तक्त्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलं आहे?

त्याने प्रश्न मोठ्याने वाचला आणि हसला. "ग्रेट क्वेश्चन. ॲज फार ॲज आय नो, द बॅक इज ब्लँक."

मी लॅपटॉपवर मागच्या बाजूचा स्कॅन पडद्यावर आणला. तपकिरी शाईच्या सात ओळी, दोनशे लोकांच्या घरांत. आयपॅडवरून त्यांचं इंग्रजी भाषांतर टाकलं, ओळीला ओळ. उन्हात उभं केल्याची ओळ मी सगळ्यांत शेवटी ठेवली, कारण ती लोकांच्या लक्षात राहावी अशी माझी इच्छा होती. मग पुण्याहून ऐकणाऱ्या कुणा बाईंनी लिहिलं की मला मोडी येते, हे वाचन अचूक आहे. मग प्रश्नांचा पाऊस. क्युरेटर मानेपासून वर गुलाबी होत गेला, मागच्या भिंतीला अगदी शोभेल असा. तो म्हणाला की हे तपासून बघावं लागेल. तीनदा म्हणाला. मी स्लाइड बदलली नाही, त्याने बदलायला सांगितली तरी. नेट गेल्यासारखं केलं.

पोळ्या लाटल्या त्या याच संध्याकाळी. नवरा म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, काम चांगलं झालं.

आता मला वाटत होतं की क्युरेटर मला फोन करेल. वर्षापूर्वीच्या त्या माहितगाराने हे वाचलं होतं का, असं विचारेल. मग मी फोल्डर उघडेन, बाबांच्या वहीचा फोटो समोर ठेवेन आणि म्हणेन, नाव घालतोस का आता? मी वाक्यं पाठ करून ठेवली होती, इंग्रजीत. फोन आला नाही. शुक्रवारी दुपारी संस्थेच्या पानावर दुरुस्ती आली.

मी ती उभ्यानेच वाचली. या तक्त्याचं आधीचं विवेचन ज्या वाचनावर आधारलेलं होतं ते निवृत्त भूकरमापक श्री. अमुक, राहणार सातारा, यांनी पुरवलं होतं. ते वाचन अपुरं होतं. मागच्या बाजूच्या मजकुराकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. या चुकीबद्दल संस्था दिलगीर आहे. बाबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. पूर्ण, ठळक, एकही अक्षर चुकलेलं नाही. खाजगीपणाचं धोरण नेमकं या वेळी आड आलं नव्हतं.

त्या पाहुणीचा संशय त्याला आला होता का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण इतक्या चटकन तो स्कॅन पडद्यावर कुणी आणला, हे त्याला माहीत होतं. मी संतापाने ईमेल लिहायला घेतला. माझ्या वडिलांनी दोन्ही बाजू पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या. एवढं एक वाक्य लिहून झालं आणि माझा हात थांबला. मग ते तुझ्याकडे वर्षभर का पडून होतं, हा पुढचा प्रश्न शेंबडं पोरही विचारेल. मी तो ईमेल पुसला. शनिवारी पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. संस्थेकडून मात्र एक पत्र आलं: त्या अवघड प्रसंगी व्याख्यान शांतपणे सांभाळल्याबद्दल आभार, कंत्राट वर्षभर वाढवत आहोत. नवऱ्याने श्रीखंड आणलं.

रविवारी दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आलं! बघितलंस का? आलं नाव! संपूर्ण नाव घातलंय, वडिलांच्या नावासकट. मी काकूंना दाखवलं, मंडळींना पाठवलं. तुला म्हणत होतो ना, टप्पे असतात."

मी हसले. मला वाटलं, वाचलं नसेल त्यांनी नीट. इंग्रजी सावकाश वाचतात, नावापुढे गेलेच नसतील. पण ते बाबा आहेत. त्यांनी भिंग उचललं आणि फोन शेजारी टेकवून कागद पुढे घेतला. काकूंकडून प्रिंट काढून आणली होती.

"फक्त एक विचारायचं होतं. इथे अपुरं असं लिहिलंय. मागची बाजू बघितली नाही असं लिहिलंय." त्यांनी चष्मा वर केला. "मी मागची बाजू वाचली होती ना गं? मला तर आठवतंय. तू म्हणालीस, स्कॅन आहे, उलटा कसा करू. ते गायरान, तो ओढा. मीच सांगितलं होतं ना तुला?"

माझ्यामागे नवरा चहा गाळत होता. हो म्हटलं असतं तर बाबांनी पुढचं विचारलं असतं, आणि मी सांगितलं असतं तर त्यांनी एका शब्दानेही न रागावता मला ते सगळं संस्थेला कळवायला लावलं असतं, दोन्ही बाजूंचं. त्यांची रीतच ती. त्यांच्या वाचनाचं मी वर्षभर काय केलं ते त्यांना कळलं असतं. मला क्युरेटरचं तोंड पाडायचं होतं, एवढंच मला तेव्हा हवं होतं, आणि ते मी पाडलं होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्ही पुढच्या बाजूचंच सांगितलं होतंत."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"असं? मग बरोबर आहे त्यांचं. आजारानंतर माझं हे असंच..." आणि मग ते थांबले. बोटांवर महिने मोजले. बाबांचं मोजणं कधी चुकत नाही. "नाही गं. ते तर आजाराच्या आधीचं. म्हणजे आधीपासूनच."

मी काहीतरी बोलले, होतं असं, वयाने होतं, असलं काहीतरी. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्याकडे जुनी टिपणं घेऊन यायची, बांधाचा वाद कोर्टात जाण्याआधी एकदा बाबांना दाखवून घ्यायची. लॉकडाउन उठल्यापासून पुन्हा येऊ लागली होती. त्या दिवशीही कुणीतरी यायचं होतं, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट.

"मग आज चार वाजता ते लोक येतायत, त्यांना नको म्हणून सांगतो," बाबा म्हणाले. "इथून पुढे कुणाचाच कागद नको. माझ्या वाचण्याने कुणाची जमीन जायला नको."

मी म्हटलं, "बरं बाबा."